पोटावरची पिशवी

मी मरण मागितलं होतं, हे आधीच सांगून टाकते. दुखण्याला कंटाळून नव्हे, दुखत तर फारसं नव्हतंच. आतड्यात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, कापून काढू, पण खालची वाट कायमची बंद करावी लागेल. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी चिकटवायची आणि पोटातली घाण त्या पिशवीत जमा व्हायची. ऑपरेशन केलं तर जगशील, नाही केलं तर वर्षही निघणार नाही. माझ्या मुलाने हिब्रूत ऐकून मला मराठीत सांगितलं. पिशवीचं सांगताना तो खिडकीकडे बघत होता.

माझी नणंद इथे रामला शहरात आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. ती ऐकल्या ऐकल्या म्हणाली, "वहिनी, त्यापेक्षा मेलेलं बरं. लढाईच्या वेळी विषारी गॅसच्या भीतीने घालायचो तो मुखवटा जन्मभर घाल म्हटलं तरी मी घालीन, पण हे नको." मला तिचा राग आला नाही, कारण माझंही मत तेच होतं. आम्ही मराठी यहुदी, प्रेषित एलियाहू हनाबीला नवस बोलतो आणि त्याच्या नावाने मलिदा करतो; त्या मलिद्याचे पोहे घरात नेहमी मी भिजवले, गूळखोबरं माझ्या हाताने कालवलं. असलं अंग घेऊन त्या ताटाजवळ जायचं कसं? पेताह तिक्वाच्या हॉस्पिटलात दाखल झाले तेव्हा ऑपरेशनच्या संमतीचा सहीचा कागद उशीखाली सारला आणि नवस बोलले: अंग स्वच्छ आहे तोवर मला उचल, माझा मुलगा तुझा मलिदा करील. लोक जगण्यासाठी नवस बोलतात, मी मरण्यासाठी बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात जाळीभर संत्री. "मिर्याम कुठे आहे?" म्हणाली. मी म्हटलं, इथे मिर्याम नाही. "सहा नंबरची खाट सांगितली मला." सहा नंबर तर माझाच. "मग बसते थोडी, पाय दुखतात," म्हणून ती बसलीच. तिचं हिब्रू माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं जमलं. तिने संत्रं सोलून अर्धं मला दिलं. माझ्या ताटातलं सूप बघून म्हणाली, "हे सूप आहे की लादी पुसलेलं पाणी?" मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

अर्ध्या तासाने तिने विचारलं, तुला काय झालंय. मी सांगितलं, आणि सही करणार नाही हेही सांगितलं. माझा हात धरून तिने झग्यावरूनच आपल्या पोटावर डाव्या बाजूला ठेवला. बोटांखाली काहीतरी मऊ, फुगीर लागलं.

"बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "दोन्ही मुलींच्या लग्नात नाचले."

अर्धा तास ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. वास आला नव्हता, काही दिसलंही नव्हतं. मी विचारलं, "शब्बाथच्या पवित्र दिवशी काय करतेस?"

"सगळे करतात तेच. जास्त खाते."

मग ती मिर्यामला शोधायला म्हणून निघून गेली. संध्याकाळी मी नर्सला विचारलं. त्या मजल्यावर मिर्याम नावाची कोणी नव्हती. एलियाहू हनाबी कुणाच्याही रूपात मदतीला येतो, असं आम्ही मानतो. नणंद म्हणते, तो बाईच्या रूपात येत नाही. नसेल येत. मी तिचं नाव विचारायचं विसरले, याचं मात्र मला वाईट वाटतं. उशीखालचा कागद काढून मी सही केली आणि त्याच नर्सच्या हातात दिला.

पहिले दोन महिने वाईट गेले, खोटं कशाला सांगू? एकदा बाजारातून येताना पिशवी सुटली आणि मी रडत घरी आले. पण हळूहळू ते काम भांडी घासण्यासारखं झालं. रोज करायचं आणि विसरायचं. हनुक्काच्या सणाआधी मी स्वतः पोहे भिजवले आणि मलिदा केला. नणंदेने दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात तपासणीला गेले तेव्हा एक डॉक्टरकी शिकणारी मुलगी प्रश्नांचा कागद घेऊन आली. तिने मला सावता, म्हणजे आजी, म्हणत विचारलं, "समज, तुझी दहा वर्षं उरली आहेत, ही पिशवी घेऊन. पिशवी नको असेल तर त्यातली काही वर्षं सोडावी लागतील. किती सोडशील?" मी उत्तर द्यायच्या आत शेजारी बसलेली नणंद म्हणाली, "मी नऊ सोडीन. एकच वर्ष दे, पण धड दे."

मी म्हटलं, "एक दिवससुद्धा सोडणार नाही."

मुलीने पुन्हा विचारलं. मला प्रश्न कळला नसेल असं तिला वाटलं. कळला होता. ती म्हणाली, ज्यांना पिशवी नाही ते बरीच वर्षं देऊन टाकतात, आणि ज्यांना आहे ते बहुतेक तुझ्यासारखंच बोलतात. सहा नंबरच्या खाटेवर मी दहाची दहा वर्षं द्यायला निघाले होते. बाहेर उभं राहून आतल्या जगण्याची किंमत ठरवत होते, आणि वर देवाला सांगत होते की घे. त्याने घेतलं नाही.

आमच्यात संडासातून आल्यावर हात धुऊन म्हणायची एक प्रार्थना आहे. देवाने माणसाच्या अंगात वाटा आणि पोकळ्या केल्या, त्यातली एक बुजली किंवा फुटली तरी माणूस त्याच्यापुढे उभा राहू शकणार नाही, असा तिचा अर्थ आहे. जन्मभर मी ती घाईघाईने पुटपुटले. आता पिशवी रिकामी करते, हात धुते आणि एकेक शब्द सावकाश म्हणते. माझी एक वाट बुजवली आहे आणि एक नवी फोडली आहे, तरी मी उभी आहे. हे कसं, ते मला कळत नाही. त्याला विचारतही नाही. उभी राहते आणि आमेन म्हणते.