लांडगा म्हणाला, “या, बसा”

माझी धाकटी नणंद शालू, तिचं लग्न एका लांडग्यामुळे मोडायची वेळ आली होती. (लांडगा कागदावरचा होता.)

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नवी सून म्हणून डोंबिवलीला आलेले. ह्यांना फोर्टातल्या फुटपाथवरून इंग्रजी चित्रांची जुनी पुस्तकं आणायचा नाद. सगळ्या भयंकर गोष्टी आणि त्यात बोलणारी जनावरं. पुरुषमंडळी कचेरीत गेली, की मी सासूबाईंना त्या मराठीत वाचून दाखवी. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. अडलं, की मनाचं घालायचं.

एका गोष्टीत पडक्या बंगल्यातला लांडगा दार उघडून पाहुण्याला काहीतरी म्हणतो, आणि पुढच्या चित्रात पाहुणा नसतो. मला ते कळेना. सांगितलं, “लांडगा म्हणाला, या, बसा.”

सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “मेला खातोसुद्धा किती अदबीनं!”

शालूला बघायला कल्याणहून माणसं यायची होती, त्या रविवारी पोहे लवकर झाले. सासरे पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. आम्ही दोघींनी तेवढ्यात लांडगा पुन्हा वाचून घेतला.

पाहुणे आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, मागे पाणी घेऊन सासूबाई. तोच खिडकीतून घोगरा आवाज आला, “या, बसा.”

ट्रे मुलाच्या वडिलांच्या मांडीवर गेला. सासूबाईंनी मुलाचा हात धरला. “उठा, उठा, तो खातो!”

“कोण खातो?” सासरे ओरडले.

शालू पुढे झाली आणि मुलाच्या वडिलांच्या कोटावरचे पोहे शांतपणे वेचू लागली. “शेजारच्या काकूंचा पोपट आहे. पिंजऱ्यातून सुटलाय. आई आणि वहिनी त्याला लांडगा समजल्या.” मग तिने सगळंच सांगितलं.

मुलाने पुस्तक मागून घेतलं. पान पाहून म्हणाला, “इथे लांडगा म्हणतोय, फार उशीर केलात.”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की लांडगा परवडला.

निघताना मुलाचे वडील सासऱ्यांना म्हणाले, “मुलगी धीराची आहे. पसंत. सूनबाईंना मात्र एकदा डॉक्टरांना दाखवा.”

सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, हकिकत ऐकली आणि निदान केलं, “प्रकृती उत्तम आहे. इंग्रजी अशक्त आहे.”