लंडनची फिलिशिया

टाकोराडी या बंदराच्या गावी, सर्कल बाजारात आंटी मान्साच्या टपरीवर कपडा मिळत नसे, जोड मिळत असे. नुसता ब्लाउज मागणाऱ्या बाईला ती सरळ पुढची गल्ली दाखवी. "ब्लाउज हवाय? तिकडं ढीग पडलेत, उचल आणि चालू लाग. माझ्याकडं यायचं तर अख्खा आठवडा घेऊन यायचं."

मग प्रश्नांची सरबत्ती. ट्रोट्रोच्या गाडीत चेंगरून येतेस की टॅक्सीनं? एसी तुझ्या डोक्यावर आहे की साहेबाच्या? शनिवारी कुणाच्या मयताला जायचंय? एवढं सगळं ऐकून झालं की ती उठे आणि परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांतून बरोबर हवं ते उपसून काढी. फेब्रुवारी लागला की इथली हवा अंगाला चिकटते आणि ऑफिसात मात्र दात वाजतात, म्हणून बिनबाह्यांचं सुती पोलकं आणि वर पातळ लिननचं जाकीट. खाली घोट्यापर्यंत न येणारा, चालताना वारा खेळेल असा स्कर्ट. तेच पोलकं रविवारी छापील कापडाच्या लुंगीवर घातलं, कमरेला रुमाल बांधला, की कुणी म्हणणार नाही हे सोमवारचं. पाच कपड्यांत मान्सा बाईचे पंधरा दिवस काढून देई. खांदे उसवून पुन्हा बसवी, काखेत घाम टिपणारी घडी घाली आणि दुमडीच्या आत हिरव्या दोऱ्याचे तीन टाके मारी. ती तिची सही होती. ती तिच्याखेरीज कुणी वाचत नसे.

तिच्या धंद्यातली दुसरी अर्धी कला तोंडाची होती, म्हणजे तोंड बंद ठेवण्याची. बँकेतल्या, बंदरातल्या, वकिलांच्या ऑफिसातल्या झाडून साऱ्या बायका तिच्याकडून नटत आणि बाहेर सांगत की बहिणीनं पाठवलं, आत्येनं पाठवलं, दुबईहून आलं. मान्सालाही त्यात कमीपणा वाटत नसे. एकदा मात्र ती फसली होती. तीन वर्षांपूर्वी एक गोड बोलणारा तरुण आला, बायकोचा वाढदिवस आहे, तिला आवडतं ते तुम्हीच सांगा म्हणाला. हिनं भाबडेपणानं सांगितलं. तो नवरा नव्हताच, ऑफिसातल्या भवान्यांनी पाठवलेला होता. त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला सगळे 'गठ्ठेवाली' म्हणायला लागले आणि शेवटी ती बदली घेऊन उत्तरेकडे निघून गेली. तेव्हापासून मान्सानं कानाला खडा लावला. कुणीही येऊ दे, कुणाचंही नाव घेऊ दे, आपण कुणाला ओळखत नाही.

अराबा बैडन ही तिची सगळ्यांत लाडकी. बंदरावरच्या एका जहाज कंपनीत कारकून, उंच, शिडशिडीत, हसली की दोन गल्ल्या ऐकू जाणारी. सहा उन्हाळे ती मान्साचेच कपडे घालत होती. पहिल्याच वर्षी तिला ऑफिसात कुणीतरी विचारलं, हा ब्लाउज कुठून गं आणलास? आणि तिची जीभ अडखळली. संध्याकाळी ती रडवेली होऊन टपरीवर आली.

"सांग, लंडनला मैत्रीण आहे. शाळेतली," मान्सा म्हणाली.

"नाव काय तिचं?"

मान्साच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यातूनच ती म्हणाली, "फिलिशिया."

मग दोघींनी मिळून फिलिशिया वाढवली. ती नर्स झाली, जाड झाली, तिचं एक लग्न मोडलं. अराबाच्या घरी, ऑफिसात, चर्चमध्ये सगळ्यांना फिलिशिया ठाऊक झाली. दोघी टपरीच्या मागे बसून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी खात आणि तिच्या नावानं पोट धरून हसत.

या वर्षी जानेवारीत अराबा माप द्यायला आली तेव्हा ती कमी हसली.

"कोजो माझे ब्लाउज मोजतो, आंटी."

"मोजू दे. नवऱ्याला दुसरा उद्योग काय?"

"फिलिशियाचा नंबर मागतो."

"दे की माझा. मी नाकातून बोलते, लंडनवाल्या बोलतात तशी."

अराबा हसली, पण जरा उशिरा. मान्साच्या ते लक्षात आलं होतं. पण हातात कात्री होती आणि मागे चार बायका उभ्या होत्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी भर दुपारी एक माणूस टपरीपुढे येऊन उभा राहिला. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. मान्सानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं कागदी पिशवीतून सायीच्या रंगाचं लिननचं जाकीट काढलं. हे जाकीट तिनं गेल्याच वर्षी अराबासाठी खांद्यात आवळलं होतं. तिनं डोळ्यांची पापणीही हलू दिली नाही.

"आंटी, माझी बायको म्हणते हे तुम्ही करून दिलंत."

"कोण बायको?"

"अराबा बैडन. बंदरावर काम करते. खरं असेल तर सांगा, मी रागावणार नाही. उलट मला फार आनंद होईल."

आला गं बाई दुसरा वाढदिवसवाला, मान्साच्या मनात आलं. तो सावलीत उभा होता, तरी त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. तेही तिला दिसलं.

"साहेब, असला माल आमच्याकडं कुठला? हा लंडनचा. शिवण बघा ना."

"तुम्ही तिला ओळखत नाही?"

"देवाशपथ नाही."

"तिनं तुमचं नाव घेतलं. मान्सा, सर्कल, पाणपोईशेजारी."

"माझं नाव सगळेच घेतात. मी तिला कधी बघितलेली नाही."

त्यानं जाकिटाची बाहीला बाही लावून सुरेख घडी घातली. तीनदा आभार मानले. एवढ्याशा उत्तराला कुणी तीनदा आभार मानत नाही.

"कोण गं हा? चर्चमधला वाटतो," शेजारच्या टपरीवरून तावियानं विचारलं. ताविया बुटं आणि पर्सा विकायची आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला नाव ठेवायची.

"कुणी का असेना. फसवायला आला होता, तसाच परत पाठवला," मान्सा म्हणाली. त्या दिवशी ती स्वतःवर फार खूष होती.

ठरलेल्या शनिवारी अराबा तिच्या नव्या जोडाचे शेवटचे दोन कपडे न्यायला आली नाही. पुढच्याही शनिवारी नाही. फोन बंद. कपडे खिळ्याला लटकत राहिले आणि मान्सा येताजाता त्यांच्यावरची धूळ झटकत राहिली. मुलं आजारी असतील म्हणावं तर तिला मुलं नव्हती. 

एका सोमवारी सकाळी ताविया भलीमोठी पिशवी ओढत आली.

"बघ तरी काय घबाड लागलंय! एक नंबर माल, एक डाग नाही. पर्सांच्या जोडीला मीही आता कपडे लावते. तुझी गिऱ्हाइकं पळवणार बघ."

मान्सानं वरचा ब्लाउज उचलला. गठ्ठ्यातल्या कपड्याला एक कुबट, औषधी वास असतो. आठ-दहा धुण्यांशिवाय तो जात नाही. याला साबणाचा आणि कापराचा वास होता. तिनं दुमड उलटली. हिरवे तीन टाके. दुसरा उचलला, हिरवे टाके. स्कर्ट, पोलकी, रुमालसुद्धा. अकरा कपडे तिनं एकेक करून उलटले आणि सगळ्यांत तळाशी बाहीला बाही लावून घडी घातलेलं सायीच्या रंगाचं जाकीट होतं.

"कुणी विकलं तुला?"

"तोच गं तुझा इस्त्रीवाला. बायको लंडनला गेली म्हणाला, मैत्रिणीकडं. तिकडं थंडीत हे काय कामाचं?"

"कुठल्या मैत्रिणीकडं?"

"फिलिशिया की कोण."

मान्सा ते जाकीट घेऊन खाली बसली. 

तिनं तावियाला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तावियाची थट्टा कुठल्या कुठे गेली. "मेली असती तर तिच्या कपड्यांच्या पेटीला आईकडच्या बायकांनी कुलूप घातलं असतं," ती हळूच म्हणाली. "वर्ष होईपर्यंत नवऱ्याला तिच्या रुमालालाही हात लावता येत नाही. आणि तिची थोरली मावशी रोज इथंच मासळी विकायला बसते. परवाच हसत होती माझ्याशी."

"आणि जिवंत असती तर हे कपडे तिनं दिले नसते."

 ऊन चढत होतं.

मान्सा उठली. "मी तिच्या घरी जाते. अंधार पडायच्या आत आले नाही तर तिच्या मावशीला गाठ. सगळं सांग, माझं खोटंसुद्धा."

अराबाचं बिऱ्हाड एका चौकाच्या घरात होतं, सहा खोल्यांचं एकच अंगण. अंगणात एक म्हातारी उखळात कसावाचे कंद कुटत होती. मान्सानं अराबा लंडनला गेली का म्हणून विचारलं तेव्हा तिनं मुसळ थांबवलं.

"नदीपलीकडच्या प्रार्थनेच्या छावणीला लंडन म्हणायला लागले असतील तर गेली बाई लंडनला. आम्हाला तिच्या नवऱ्यानं हेच सांगायला लावलंय. मी आता म्हातारी झाले, माझ्या लक्षात राहत नाही." ती इकडंतिकडं बघून पुढे म्हणाली, "झोपायच्या गाऊनमध्ये नेली तिला. सारखी ओरडत होती, सर्कलमध्ये जाऊन मान्साला विचार, मान्साला विचार! आणि तो म्हणत होता, विचारलं. ती बाई तुला ओळखत नाही. तुझ्या डोक्यात खोटं बोलणारा आत्मा शिरलाय. कोण ही मान्सा, देव जाणे. भेटली तर मुसळानं कुटीन तिला."

 म्हातारीनं खरोखर कुटलं असतं तरी मान्सानं हात आडवा केला नसता.

छावणीपर्यंत ट्रोट्रो जात नाही. शेवटचे दोन मैल ती रबराच्या झाडांतून चालली. पत्र्याचं मोठं छप्पर, आत ढोल आणि गाणी, आणि मागच्या बाजूला झाडांच्या रांगेत माणसं. एकेका झाडाला एकेक, घोट्याला साखळी. कुणी झोपलेलं, कुणी स्वतःशी बोलणारं. चौथ्या झाडाखाली अराबा होती. डोकं भादरलेलं, अंगावर पांढऱ्या चादरीचा शिवलेला पोत्यासारखा झगा. मान्सानं आधी तिला ओळखलंच नाही, कारण सहा वर्षांत तिला आपण न निवडलेल्या कपड्यात तिनं कधी पाहिलं नव्हतं.

अराबानं तिला पाहिलं आणि घाबरून छपराकडं नजर टाकली.

"आंटी, परत जा."

"मी सांगते त्यांना, पोरी. माझं चुकलं. मी आता सगळं—"

"नको! काही सांगू नको." ती कुजबुजत होती, शब्दावर शब्द पडत होते. "काल मी कबूल केलं. कपडे एका पुरुषानं दिले म्हणून. पास्टरनं लिहून घेतलं, बायबलवर हात ठेवायला लावला. आज चार वाजता कोजो न्यायला येतोय. मला जाऊ दे, आंटी. तू मला ओळखत नाहीस. एवढंच म्हण."

"कुठला पुरुष?"

"कुठला असणार? केला एक. फिलिशिया केली तसा."

मान्साला पुढचं दिसलं. चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून तो येईल, मऊ बोलेल, तीनदा आभार मानेल आणि खिशात तो कागद घालून हिला घरी नेईल. आणि घराचं दार लागल्यावर विचारेल, त्याचं नाव काय? तेव्हा ही पोरगी कुणाचं नाव घेणार होती?

पास्टर छपराखालून बाहेर आला. पांढरा झगा, हातात घंटा, चेहरा मात्र चांगला, दयाळू वाटावा असा. "कोण आपण, मामे?" त्यानं आईला म्हणावं तसं आदरानं विचारलं. "हिला ओळखता?"

अराबानं जोरजोरात मान हलवली.

"ओळखते," मान्सा म्हणाली. "सहा वर्षं ओळखते. तिचे सगळे कपडे मी करून दिले. पुरुष-बिरुष कुणी नाही. नवरा विचारायला आला तेव्हा मी खोटं बोलले. ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती."

अराबानं डोळे मिटून घेतले. ढोल वाजत होते. पास्टरनं घंटा दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे काल हिनं बायबलवर हात ठेवून खोटं सांगितलं," तो दुःखानं म्हणाला. "आत्मा गेलेला नाही. तो आमच्याशी खेळतोय." मागे उभ्या असलेल्या माणसाला त्यानं सांगितलं, "तिच्या नवऱ्याला निरोप द्या, आज येऊ नका. आणखी चाळीस दिवस."

अराबा रडली नाही, ओरडली नाही. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, कापड फाटताना येतो तसा.  आपण एकदा नाही म्हणून हिला इथं आणलं आणि एकदा हो म्हणून इथंच ठेवलं, हे मान्साला इतकं स्वच्छ दिसलं की तिचं डोकं फिरलं.

"खोटं बोलणाऱ्याला बांधता ना तुम्ही?" ती पास्टरवर कडाडली. "मग आधी मला बांधा! पहिलं खोटं माझं आहे. देवाची शपथ घेऊन बोलले आहे. हिला बांधता आणि मला मामे म्हणता? माझ्यातला आत्मा काय पाहुणा आलाय?"

तिला वाटलं होतं तो चिडेल, हाकलून देईल, मग आपण आणखी आरडाओरडा करू, चार माणसं जमतील. पण पास्टर तिच्याकडं कौतुकानं बघत होता.

"स्वतःहून फार थोडे येतात, मामे," तो म्हणाला आणि त्यानं माणसाला खूण केली.

माणूस आत जाऊन साखळी घेऊन आला. मान्साला पळता आलं असतं. ती पन्नाशीची होती, पण पाय धड होते आणि वाट मोकळी होती. तिला एकदा तावियाची आठवण आली, अंधार पडल्यावर ती खरंच मावशीला गाठेल का हे तिला सांगता येईना. मग तिनं लुंगी सावरली आणि चौथ्या झाडाखाली मातीत बसली. माणसानं तिचा घोटा धरला तेव्हा त्याचे हात गार होते.

कुलूप लागलं. पास्टर आत गेला, ढोल पुन्हा जोरात वाजायला लागले. अराबानं तिच्याकडं पाहिलं नाही. खूप वेळानं ती साखळी पुरेल तेवढी बाजूला सरकली आणि तिनं मान्साला सावलीत जागा करून दिली.