आपसी झडप आणि स्टार-डेल्टा

माझा मोठा भाऊ नोएडातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख आहे. मी मेट्रोने चार स्टेशनं अलीकडे, एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या दुरुस्त करते. पुढे जे झालं त्यात दोघांचाही वाटा आहे. माझा जास्त आहे, असं दादाचं म्हणणं आहे. मी फक्त क्रम नोंदवते.

कारखान्यात लाकडाचा भुसा ओढून घेणारा नवा पंखा बसवला. त्याची मोटर दीडशे हॉर्सपॉवरची. एवढी मोटर थेट विजेवर टाकली की पहिले काही सेकंद ती नेहमीच्या सहापट करंट खेचते आणि त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांचे दिवे मंदावतात. भिंतीपलीकडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या यंत्रांचा कारखाना होता. पहिल्याच चाचणीत ती यंत्रं टाका अर्धवट सोडून थांबली. त्यांचे मालक, साठीचे, सफारी सूट घालणारे गृहस्थ, हातात एक ओढणी घेऊन आले. तिच्यावर चोच नसलेला मोर होता.

“इसकी चोंच आपके पंखे में गई है,” ते म्हणाले.

मोटर हळू उठवायला हवी, एवढं सगळ्यांना मान्य होतं. कशी, यावर मतभेद होता. एक विक्रेता दादाच्या मालकांकडे ड्राइव्हची शिफारस घेऊन आला होता. ड्राइव्ह मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करतो. दादाचं म्हणणं वेगळं होतं: हा पंखा दिवसभर एकाच वेगाने फिरणार, मग वेग बदलायचं यंत्र कशाला? स्टार-डेल्टा स्टार्टर पुरे. त्यात मोटर आधी विजेच्या कमी दाबावर फिरवतात, तिला वेग आला की पूर्ण दाबावर टाकतात. सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्शावर येतो. जोरही तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणून सुरुवातीला मोटरवर भार नको. पंख्याचा भार काढायचा उपाय सोपा आहे. हवेच्या वाटेवर लोखंडी झाकण असतं, ते बंद ठेवायचं. पंखा पूर्ण वेगात आला की उघडायचं.

मालकांनी ऐकून घेतलं. “ठीक है, आपकी बात रही,” ते म्हणाले. “नहीं चला तो ड्राइव्ह आएगा और आप भिवाड़ी जाएँगे.”

भिवाडीला कंपनीचा दुसरा कारखाना होता. ज्यांचे सल्ले चुकले त्यांना तिकडे पाठवायची पद्धत होती. आधी गेलेले दोन मॅनेजर दिवाळीला मिठाई घ्यायला तेवढे परत दिसत. वहिनी इथल्याच शाळेत शिकवते. ती दादाला म्हणाली, “तू खुशाल जा. डबा कुरिअरने पाठवीन.”

स्टार्टर बसला. पहिल्या दिवशी दादाने झाकण स्वतःच्या हाताने बंद केलं, बटण दाबलं, पंखा उठला, झाकण उघडलं. पलीकडची यंत्रं थांबली नाहीत. मालकांनी पेढे मागवले आणि सूचनेचा बोर्ड लावायला सांगितलं. शुद्ध हिंदीत, कारण तपासणीला कोणीतरी येणार होतं आणि मागच्या वेळी इंग्रजी बोर्डांवर शेरा आला होता.

दादाने मला ऑफिसात फोन केला. झाकणाला कारखान्यात सगळे डॅम्पर म्हणत. तो शब्द इंग्रजी, म्हणून दादाने तो गाळला. त्याची पहिली नोकरी कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यातली. तिथला शब्द त्याला आठवला.

“लिही,” तो म्हणाला. “मोटर सुरू करण्यापूर्वी झडप बंद करा. हिंदीत कर आणि पेंटरला पाठव.”

“झडप हिंदीत काय?”

“झडपच. अगं, निम्मे शब्द सारखेच असतात.”

मराठीत झडप म्हणजे असं उघडमीट करणारं झाकण, हे मला माहीत नव्हतं. मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. आमच्या घरात वडिलांच्या हृदयालासुद्धा वॉल्व्हच होती. हिंदीत झड़प म्हणजे चकमक, बाचाबाची. हा शब्द मी दिवसातून चार वेळा मथळ्यात घालते. भिंतीपलीकडच्या भांडणाची हकिगत दादाने मला सांगितली होतीच. सूचना मला सुज्ञ वाटली, फक्त जरा मोघम. मी ती दुरुस्त केली. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत बोर्ड लागला:

मोटर चालू करने से पहले आपसी झड़प पूरी तरह बंद करें.

‘आपसी’ आणि ‘पूरी तरह’ हे शब्द माझे. दादाने लांबून ‘झड़प’ आणि ‘बंद’ एवढंच वाचलं आणि समाधानाने गेला. बहुतेक वाचक असंच वाचतात.

दुसऱ्या दिवसापासून मोटर सकाळी आठला ऑपरेटर सुरू करू लागले. ते बुलंदशहरकडचे वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आधीच्या लहान पंख्याला झाकण नव्हतंच. नव्याचं झाकण उघडंच राही. कमी दाबावरची मोटर उघड्या हवेचा भार घेऊन अर्ध्या वेगापर्यंत पोचे आणि तिथेच घुटमळे. मग स्टार्टर ठरल्या वेळी तिला पूर्ण दाबावर टाके, ती मोठा हिसका घेई आणि पलीकडे मोर थांबत. फरक इतकाच, की पूर्वी ते लगेच थांबत आणि आता पंधरा सेकंदांनी.

दादा नऊला पोचे. तोवर पंखा जोरात फिरत असे आणि झाकण उघडं असे. चालू पंख्याचं झाकण उघडंच असायला हवं, त्यामुळे त्याला शंका आली नाही. त्याने टायमर बदलला, सगळ्या जोडण्या तपासल्या. तीन आठवडे गेले. शेजारी रोज नवा मोर आणत होते. अखेर त्यांनी वीज कंपनीकडे लेखी तक्रार केली. दादाच्या मालकांनी विक्रेत्याला सोमवारी बोलावलं आणि दादाला भिवाडीच्या गेस्ट हाउसची माहिती दिली.

तक्रारीला हिंदीत उत्तर लिहून हवं होतं. म्हणून दादा शनिवारी मला घेऊन कारखान्यात गेला. माझी ड्यूटी दहाला होती, त्यामुळे आम्ही पावणेआठलाच पोचलो. इतक्या सकाळी तो तिथे पहिल्यांदाच आला होता.

चाचांनी स्टार्टरसमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, मध्ये चहा. शेजारी आले, ओढणी मांडीवर ठेवून बसले.

“कहिए,” चाचा म्हणाले.

“कल गर्दन पर रुका. बीस पीस.”

“और?”

“और आपके इंजीनियर को मोटर की समझ नहीं है.”

“यह तो आप रोज़ कहते हैं. आज का कुछ?”

शेजाऱ्यांनी विचार केला. “आज का हो गया,” ते म्हणाले.

“यानी झड़प बंद?”

“बंद.”

चाचांनी कप उचलून बाजूला ठेवले आणि हिरव्या बटणाकडे हात नेला.

“रुको,” दादा मागून म्हणाला. “चाचा, डैम्पर खुला है.”

“खुला ही रहता है, साहब. हवा कहाँ से आएगी?”

“बोर्ड नहीं पढ़ा?”

“रोज़ पढ़ते हैं. तीन हफ़्ते से एक दिन नागा नहीं. जिस दिन भाईसाहब देर से आए, मोटर भी देर से चली.”

दादा बोर्डाजवळ गेला. या वेळी त्याने तो पूर्ण वाचला. मग माझ्याकडे वळला.

“आपसी?”

“स्पष्टतेसाठी घातलं,” मी म्हणाले.

“झडप म्हणजे डॅम्पर गं.”

“हिंदीत नाही. आणि मराठीतही मला आत्ता कळतंय.”

“आणि ‘पूरी तरह’?”

“ते तर झाकणालाही लागू आहे.”

 दादाने दांडा फिरवून झाकण बंद केलं आणि चाचांना खूण केली. पंखा गुरगुरत उठला, चढत गेला, सूर स्थिर झाला. पूर्ण दाबावर जाताना एक हलका टक आवाज आला. शेजारी भिंतीला कान लावून उभे होते. पलीकडून यंत्रांची खटखट अखंड येत होती. ते मिनिटभर थांबले, आणखी थांबले, मग ओढणीची घडी घालू लागले.

“तो कल से मैं न आऊँ?” त्यांनी चाचांना विचारलं.

“चाय तो बनेगी,” चाचा म्हणाले.

तक्रार त्यांनी त्याच दुपारी मागे घेतली. मला उत्तर लिहावं लागलं नाही. नवा बोर्ड दादाने स्वतः लिहिला: ‘डैम्पर बंद करके मोटर चालू करें.’ तपासणीत त्यातल्या इंग्रजी शब्दावर शेरा आला.

सोमवारी विक्रेता ठरल्याप्रमाणे आला. मालकांनी त्याच्यासमोर मोटर तीनदा बंद करून तीनदा सुरू करायला लावली. एवढी मोटर लागोपाठ सुरू करू नये, असं दादा म्हणाला, तेव्हा चौथी वेळ टळली. बोर्डाची हकिगत मालकांना कोणी सांगितली नाही. त्यांच्या दृष्टीने दादाने तीन आठवडे अभ्यास करून दोष शोधला होता.

“ड्राइव्ह नहीं चाहिए,” त्यांनी विक्रेत्याला सांगितलं. मग दादाला म्हणाले, “भिवाड़ी में तीन मोटरें रोज़ ट्रिप होती हैं. वहाँ आप जैसा आदमी चाहिए.”

दादाने संध्याकाळी वहिनीला सांगितलं की ही बदली शिक्षा म्हणून नाही. गाडी मिळणार, आठवड्यातून तीनच दिवस जायचं. वहिनीने विचारलं, “आणि सल्ला चुकला असता तर?”

“तर सहा.”

बुधवारी तो गेला. तिथल्या रोज बंद पडणाऱ्या तिन्ही मोटरी लाकडाचे तुकडे करणाऱ्या यंत्रांच्या होत्या. ती यंत्रं भरलेल्या पोटानेच सुरू व्हायची. भार आधी काढून ठेवायला तिथे काही झाकण नव्हतं. स्टार-डेल्टाचा तिसरा हिस्सा जोर तिथे पुरणार नव्हता, वेगही लाकडाप्रमाणे बदलावा लागे. जेवायच्या सुट्टीत त्याने मला फोन केला आणि ड्राइव्हच्या त्या विक्रेत्याचा नंबर मालकांना न विचारता मिळवून देशील का, असं विचारलं.