पवळ्याची घुंगरमाळ

दिनकर गेल्याचं मला ओतूरच्या बाजारात कळलं, तेही मिरचीचा भाव करताना. "तुमचं डाक्टर गेलं की हो, भाऊ," बागवान म्हणाला... आणि माझ्या तोंडून हुंदक्याआधी शिवी निघाली. आम्ही एका बाकावर शिकलेले. स्वातंत्र्य आलं त्या सुमारास तो गुरांचा डॉक्टर होऊन ओतूरला परतला. मी जवळच्याच आळे गावात औत धरलं होतं.

त्याला एकच ध्यास, गोचिडांवर लस. फुगलेले गोचीड खलात वाटायचे, मिठाच्या पाण्यात गाळून जनावराला टोचायचे, म्हणजे त्याचं रक्तच गोचिडाला नकोसं होईल, असं तो सांगायचा. "डाक्टर, गोचिडाचं कालवण करता व्हय?" म्हणून गाव हसायचं. मी हसलो नाही. माझी सर्ज्या-पवळ्याची बैलजोडी त्याच्यापुढे उभी केली, त्यानं दोघांना टोचलं. सर्ज्याच्या अंगावरचे गोचीड गळू लागले, पवळ्याचे कान मात्र गोचिडांनी लगडले. रोज सकाळी हातानं गोचीड वेचायची आमची रीत. दिनकर म्हणाला, "वेचू नकोस. लस चढायला वेळ लागतो." मी हात आवरला. पुढे गोचीडतापानं पवळ्या लाल मुतू लागला. दिनकरनं धावत येऊन औषधं पाजली, पण बैल गेला.

पोळ्याला मी एकटा सर्ज्या सजवला. दिनकर जेवायला आला होता. मी सहज विचारलं, "दिन्या, येकाच बाटलीतलं औषध, सर्ज्याला लागू पडलं आन् पवळ्याला कसं न्हाई?" त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "बाटल्या दोन होत्या. पवळ्याला नुसतं मिठाचं पाणी टोचलं. फरक दिसल्याशिवाय लस खरी कशी ठरणार?"

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू वेचल्याशिवाय राहिला नसतास."

नसतोच राहिलो! मी त्याला भरल्या ताटावरून उठवलं. जाताना त्यानं पवळ्याची घुंगरमाळ मागितली, ती मी त्याच्या अंगावर फेकली. पुढच्या उन्हाळ्यात सर्ज्याच्या अंगावरही गोचीड परतले. म्हणजे माझा बैल गेला तो फुकटच.

दहाव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. दिनकरच्या खोलीत खल पालथा पडला होता आणि खुंटीवर ती माळ, लखलखीत. "दर पोळ्याला चिंच लावून घासायचे," वहिनी म्हणाल्या. "तुमचीच आहे, घेऊन जा." मला भडभडून आलं आणि त्याहून जास्त राग आला. माळ तिथंच ठेवून मी उठलो.

ओतूरहून आळं म्हणजे काही काशी नव्हे, दिन्या. एखाद्या पोळ्याला ती माळ घेऊन माझ्या दारात यायचंस... मी पुन्हा शिव्या घातल्या असत्या, आणि पान वाढलं असतं.