पुंजाजीनं उलटवलेलं टायर

टायर समोर आलं की पुंजाजी आधी हात पुसायचा. मग रबरावरून तळवा आत न्यायचा आणि परत बाहेर आणायचा. आत जाताना गुळगुळीत लागलं आणि बाहेर येताना करवतीचे दाते टोचले, की समजावं, पुढची दोन चाकं एकमेकांशी सरळ नाहीत. असं टायर धावत नाही, फरफटत जातं.

अमरावतीत, नागपूर रस्त्याच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली त्याचं दुकान होतं. चार बल्ल्या, वर टीन, खाली जॅक, हातपंप आणि पाण्याचं घमेलं. मागच्या खुंटीला एक फाटकं टायर टांगलेलं असे. चपला करणारे ते मागायला येत. पुंजाजी देत नसे, आणि का देत नाही हेही सांगत नसे.

ते टायर श्रावणच्या टॅक्सीचं होतं.

श्रावण त्याच्याच वस्तीतला. छप्पन साली दोघं बडनेऱ्याहून एकाच डब्यात उभ्यानं नागपूरला गेले होते, दीक्षेला. श्रावण एका मालकाची टॅक्सी चालवायचा. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो दुकानापुढे थांबला.

"पुंजाजी, डाव्या अंगाचं टायर पाय बरं. गाडी घूं घूं करून राहिली."

पुंजाजीनं तळवा फिरवला. दाते लागले. आतली कड पार सपाट झाली होती.

"चाकं सरळ करा लागतीन. दोन-तीन घंटे जातीन."

"दोन-तीन घंटे! मोझरीच्या सवाऱ्या बसल्या हायेत आत. थ्या का इथंच भजन म्हनतीन?"

"मंग?"

"उलटवून दे ना बाप्पा. सारेच उलटवतेत."

खरंच सारे उलटवत. नवं टायर लवकर मिळायचं नाही. एक कड झिजली की टायर रिमवरून उतरवायचं, उलटं करून चढवायचं, म्हणजे शाबूत कड झिजेच्या बाजूला येते. यात वाईट काही नाही. पण आधी चाकं सरळ केली असली तरच. नाहीतर दुसरी कडही तशीच खाल्ली जाते, आणि उलटवायला तिसरी कड नसते. पुंजाजीला हे ठाऊक होतं. पण नट गंजलेले होते, ऊन डोक्यावर होतं, आणि त्या दिवशी अंग चोरलं. वीस मिनिटांत त्यानं टायर उलटवून दिलं.

"पंधरा दिवसांनी ये, सरळ करून देतो."

श्रावण आला नाही. पुंजाजी रोज त्याच्या दारावरून घरी जायचा. त्यानंही आठवण करून दिली नाही.

दोन महिन्यांनी तिवशाच्या अलीकडे ते टायर फुटलं आणि गाडी बाभळीवर गेली. सवाऱ्या वाचल्या. श्रावण गेला.

पोलीस जमादारानं पुंजाजीला विचारलं, "टायर तूच चढवलं होतं? कसं होतं?"

"चांगलं होतं, साहेब."

एवढंच तो बोलला. टायर चांगलं, म्हणजे ड्रायव्हर वाईट. आठ दिवसांत गावभर झालं, श्रावण पिऊन होता. मोडक्या गाडीचं टायर पुंजाजीनं उचलून आणलं. तळवा फिरवला. दोन्ही कडांना रबराखालचा दोरा उघडा पडला होता.

तेव्हापासून दुपारी रस्ता रिकामा असला की तिवशाच्या बाजूनं घूं घूं यायची. पुंजाजी उठायचा, हात पुसून उभा राहायचा. गाडी यायची नाही. जेवताना भाकरीची कड बोटाला लागली तरी तो हात मागे घ्यायचा.

"काहून, गरम हाय का?" बायको जमुना विचारायची. भाकरी सकाळची असे.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्याचा आवाज बसायचा. आणि लगेच मागच्या ओळीतून श्रावणची बायको पंचफुला पाचवं, दारू न पिण्याचं शील, सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायची.

कामात मात्र त्यानं पुन्हा अंग चोरलं नाही. टायरवर खडूची रेघ मारून, पुढून-मागून चाकांमधलं अंतर काठीनं मोजल्याशिवाय तो गाडी सोडत नसे. ड्रायव्हर म्हणत, "याच्याकडे हवा भराले जा, तं हा गाडीची कुंडली मांडते!"

पासष्ट साली पंचफुला भर दुपारी दुकानावर आली. तिच्या मुलीला, मैनेला, बार्शीटाकळीचं स्थळ आलं होतं.

"पाहुने अडून बसले, भाऊ. म्हनतेत, पोरीचा बाप दारुडा होता. मी म्हनलं, त्यानं शील घेतलं होतं, थेंबाले शिवला नाही. तं म्हनतेत, टायर चांगलं होतं, मंग गाडी झाडावर गेली कशी? तुमी सांगा त्याइले."

पुंजाजीनं खुंटीवरून टायर काढलं. तिच्यापुढे ठेवलं.

"हात ठेवा याच्यावर. आत न्या. आता बाहेर आना."

"टोचते."

"श्रावण पिऊन नव्हता. चाकं वाकडी होती. मले माहीत होतं. मी नुसतं उलटवून देल्लं. आन् जमादाराले खोटं सांगतलं."

पंचफुलानं हात काढला नाही. तशीच म्हणाली, "सात वरसं मी रविवारी वरडून राहिली. तुमी दोन हात पुढं बसून आयकत होते."

"हो."

"उचला हे. बार्शीटाकळीले तुमीच चला."

दुसऱ्या दिवशी तो टायर खांद्यावर घेऊन मोटारीत चढला. अकोल्याला मोटार बदलली. कंडक्टर हसला, "बाबा, हे फाटलं तं!" पंचफुला पुढच्या बाकावर जाऊन बसली.

पाहुण्यांच्या अंगणात त्यानं टायर ठेवलं आणि जमादाराला सांगायचं होतं ते त्या सगळ्यांना सांगितलं. मुलाच्या बापानं तळवा आत नेला, बाहेर आणला. दोनदा.

"म्हंजे दोष तुमचा," तो म्हणाला.

"माझा."

"मंग पोरीच्या बापाचा काही नाही."

सोयरीक ठरली. पुंजाजीला पाणी दिलं, पण बस म्हणून कुणी म्हटलं नाही. तो उभ्यानंच प्याला.

पुढच्या रविवारी चौथ्या शीलाला तो अडखळला, आणि म्हणाला. पाचवं शील सगळ्यांनी सारख्याच आवाजात म्हटलं. त्यात पंचफुलाचा आवाज कोणता, ते त्याला ओळखू आलं नाही.

दुपारी खुंटी रिकामी होती; टायर बार्शीटाकळीच्या अंगणातच राहिलं होतं. रस्ताही रिकामा होता. तिवशाच्या बाजूनं घूं घूं आली. पुंजाजी उठला आणि हात पुसून उभा राहिला.