अक्काच्या पिल्लांचा विषाणू: उदगीर ते हैदराबाद

हैदराबादला कसं जायचं, असं बरेच जण विचारतात. सांगतो, पण माझी ती काही सहल नव्हती. नव्या कंपन्या कोंबडीची पिल्लं आणि खाद्य देत होत्या, गावोगाव शेडं उठत होती, त्या दिवसांतली गोष्ट. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या शेडमधली पिल्लं मानमोडीनं गेली. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. शेजारच्या महबूबभाईंनी बाजारातून कोंबड्या आणल्या होत्या. रोग तिथूनच आला, असं अक्काचं ठाम मत. तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मेलेल्या पिल्लांचे नमुने आधीच बर्फात घालून हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले होते. अहवाल आणायला मी निघालो, महबूबभाईंवर शिक्का मारायलाच म्हणा ना.

उदगीरहून सकाळची पहिली बस धरा. बीदरपर्यंत हाडं खिळखिळी होतात, जहीराबादनंतर रस्ता बरा. तिथंच इडली खाऊन घ्या, पुढे गाडी थांबणं ड्रायव्हरच्या मर्जीवर. हैदराबादला गौलीगुड्याच्या स्टँडवर उतरलो तर भिंतीभिंतीवर मोबाइलच्या जाहिराती. रिक्षाचं भाडं आधी ठरवा. "मीटर खराब है, बैठो साब," हे उत्तर तयारच असतं.

प्रयोगशाळेतल्या बाई मराठी निघाल्या, जन्म गौलीगुड्यातलाच. मी हरखलो.

"काका, विषाणूच्या अंगात त्याची ओळख लिहिलेली असते. ती आमी वाचलो, दुसऱ्यांशी ताडून बघितलो," त्या म्हणाल्या. "हा बाहेरच्या साथीतला नाही. लशीतला आहे. मोठ्या कोंबड्यांना टोचतेत ना, ती. पिल्लं किती दिवसांची होती?"

"तीन आठवड्यांची."

"मंग ती लस कोण दिलं त्यांना?"

मीच. पिल्लांच्या नाकात घालायच्या लशीचे थेंब दुकानात संपले होते. मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजायचो. मोठ्यांची लस आणली आणि टोचली.

"अर्धाच डोस दिला होता हो," मी म्हणालो.

"जिवंत विषाणू आहे, काका. पिल्लांना सोसत नाही. अर्धा दिला तरी आत जाऊन वाढतोच की."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत नामपल्लीच्या रस्त्यांवर वेड्यासारखा फिरलो. अहवाल फाडून टाकावा, असं दोनदा मनात आलं. माझीच मला किळस येत होती. बिर्याणी कुठली चांगली ते दुसऱ्या कुणाला विचारा, मी पाणीसुद्धा प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो आणि अक्काला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. 

"महबूबनं काल सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या रे," ती म्हणाली. "बोलणं टाकताना मीच त्याला म्हणाले होते, तुझ्या कोंबड्या आहेत तोवर माझं शेड उभं राहायचं नाही."

त्यानंतर आजवर मी सुई हातात धरलेली नाही. त्यानं काय भरून निघतं म्हणा.

त्या दिवशी मी तसाच महबूबभाईंकडे गेलो. ते खुराड्यात चुना टाकत होते.

"आला का रिपोर्ट, भैया? हमारीच मुर्ग्यां से आया ना?"

"नाही. माझ्या सुईतून आला."

त्यांनी चुन्याची पाटी खाली ठेवली. मग घराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "सुनते क्या? अपनी मुर्ग्यां अच्छीच थी बोलते."