खडूची खूण

त्या शुक्रवारी मधली सुट्टी संपत आली होती. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो आणि फाटकाशी दाजींची मोटार येऊन थांबली. उंब्रजची मोटार सांगलीत अशी अवचित यावी याचं आश्चर्य वाटून मी दोन पायऱ्या उतरलो आणि तिथंच थांबलो. स्टिअरिंगवर दाजी नव्हते, बाबालाल होता. शिराळ्याचा हा गडी दाजींच्या पलटणीतला, त्यांचा जिवाचा दोस्त. पण दाजी आपली मोटार त्याच्याही हाती देत नसत. बाबालाल खाली उतरला आणि दाराची कडी धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, चला. वैनी एकट्या हायेत."

तीन दिवसांचा ताप... एवढंच निमित्त झालं आणि दाजी गेले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव आनंदराव. बाबालालला मात्र ते 'आनंदा'च होते.

कऱ्हाडपर्यंत बाबालाल मोटार चालवताना सारखा अडखळत होता. मोटार कडेच्या चाकोरीत जायची, तो तिला ओढून परत रस्त्यावर आणायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "आवं मास्तर, ह्ये ष्टेरिंग असं का? सरळ धरलं की गाडी कडंला पळती."

"वाकडंच धरा," मी म्हणालो, "उजवीकडचा आरा जरा खाली ठेवा."

त्यानं तसं केलं आणि मोटार निमूट सरळ चालू लागली. मी बाहेरच्या उसाकडं पाहत राहिलो. ते वाकडेपण माझ्या हातचं होतं.

युद्ध संपून दाजी परत आले त्या वर्षीच्या पौषातली गोष्ट. ते पलटणीत मोटारी चालवत. तिकडून आले ते डोक्यात एकच विचार घेऊन, उंब्रजहून साताऱ्याला आणि कऱ्हाडला भाड्याची मोटार चालवायची. एका डॉक्टरांची वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी मोटार त्यांनी घेतली, इंजिन स्वतः उघडून चालू केलं. आता ती साताऱ्याला नेऊन मोटारी तपासणाऱ्या साहेबाकडून पास करून घ्यायची होती. दिवस ठरला होता. पास झाली तर दाजी गावात राहणार होते, नाही झाली तर मुंबईला एका शेटजींकडं ड्रायव्हरची जागा तयार होती. शेटजींच्या मुनिमाचं तसं पत्र आलेलं होतं आणि ते वाचून दाखवणारा मीच होतो. लढाईच्या सगळ्या वर्षांत अक्काला आलेली पत्रं मीच वाचली, तिची उत्तरं मीच लिहिली. नवरा कसा बोलतो हे ती माझ्या आवाजात ऐकत आली होती. मुंबईचं पत्र वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "दत्तू, आता पत्रावर संसार करायचा न्हाई मला. मोटार पास हुईल का रं?"

आणि मोटारीचं स्टिअरिंग तर पार ढिलं झालेलं. पाव वेटोळं फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसायचा. ग्यारेज जवळ नव्हतं, सुटे भाग मिळायचे ते दिवस नव्हते. दाजी म्हणायचे, "तिकडं वाळूत कुठलं आलंय ग्यारेज? सावली मिळाली तरी नशीब." शाळेला सुट्टी होती म्हणून मी चार दिवस त्यांच्याकडं गेलो होतो. वस्तीवर भावकीचं गुऱ्हाळ चालू होतं, त्याच्या शेजारीच त्यांनी मोटार लावली. थंडी अशी की सकाळी वंगण मेणासारखं घट्ट व्हायचं. गुऱ्हाळाच्या चुलवणाच्या कडेला डबा ठेवून ते पातळ करायचं, मग कामाला हात. सुटलेले नटबोल्ट ठेवायला दाजींनी अक्काची काठवट पळवली. अक्का कमरेवर हात ठेवून आली, "आवं, भाकरी कशात मळू? का ह्योच खुळखुळाट वाढू ताटात?" दाजी मोटारीखालून म्हणाले, "वाढ की. मास्तरांचे दात बळकट हायेत."

माझं काम लिहिण्याचं. कोणता बोल्ट कुठून निघाला ते मी वहीत क्रमानं टिपत होतो आणि काठवटीत त्याच क्रमानं ठेवत होतो. दाजींना त्या वहीचं मोठं कौतुक वाटलं. स्टिअरिंगच्या दांडीच्या तळाशी लोखंडी डबा असतो, त्यात एक दातेरी चाक. ते उघडलं तेव्हा दिसलं की त्याच्या एकाच बाजूचे दात झिजले आहेत, बाकीचे कोरे करकरीत. दाजी उकिडवे बसून हसले. "बघा मास्तर, माणूस एकाच दाढंनं चावत बसतो, तसं झालंय. ह्येला आता दुसऱ्या बाजूनं चावाया लावायचं." झिजलेली बाजू मागं, कोरी पुढं, दुरुस्ती ती एवढीच. पुढं कितीतरी वेळा, शाळेत काही बिनसलं, घरात काही बिनसलं, की मला ते फिरवलेलं चाक आठवत आलं आहे.

पण डब्यापर्यंत पोचायला आधी वरचं स्टिअरिंग दांडीवरून उपसावं लागलं होतं. ते इतकं घट्ट बसलेलं की उकळत्या पाण्याची फडकी गुंडाळून, खालून ठोकून, त्यात अर्धा दिवस गेला. फडकी काढून शेवटचे ठोके घालायच्या आधी दाजींनी मोटारीखालून माझ्याकडं छिन्नी सरकवली होती. "मेव्हणं, दांडीवर नि ष्टेरिंगवर मिळून एक खूण मारा. बसवताना तीच रेघ जुळवायची." मी छिन्नी टेकवली, हातोडी उचलली... आणि मला ते लोखंड जखमी करवेना. कोटाच्या खिशात खडूचा तुकडा होता. मी एक पांढरी, नीट, बारीक रेघ ओढली. छिन्नीच्या ओरखड्यापेक्षा ती कितीतरी देखणी दिसत होती.

सगळे भाग रात्रभर पोत्यावर उघड्यातच राहिले होते. सकाळी पोतं पिळून काढण्याइतकं दव पडलेलं. दिवसभर खालचं काम झालं आणि दिवस कलताना दाजी वरचं स्टिअरिंग बसवायला घेऊन म्हणाले, "खूण कुठाय?"

"केली होती," मी म्हणालो.

"कशानं?"

"खडूनं."

दाजी हसायला लागले ते त्या पोत्यावरच आडवे झाले. "अगं ए, ऐकलंस का? तुझ्या भावानं लोखंडावर खडूनं लिवलं! रात्री दवानं फळा पुसला!" मला मात्र अक्काचा चेहरा दिसत होता. ती हसली नव्हती.

अंदाजानं बसवलं. ठरल्या दिवशी उजाडता उजाडता मोटार रस्त्यावर काढली तेव्हा कळलं, मोटार सरळ जाते आहे पण स्टिअरिंगचा उजवा आरा खाली उतरला आहे. दांडीच्या टोकाला स्टिअरिंग अडकतं तिथले दोन दात चुकले होते. परत उपसायचं म्हणजे पुन्हा अर्धा दिवस, आणि साहेब दुपारपर्यंतच थांबणार. मी म्हणालो, "दाजी, माझी चूक झाली." ते म्हणाले, "चाकं तर ऐकायला लागलीत न्हवं? बसा मागं. वही घ्या संगं."

साताऱ्याचे साहेब मितभाषी होते. शेजारी बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे स्टिअरिंग वाकडं कसं?" दाजी म्हणाले, "साहेब, बसवताना दोन दात चुकलं. खालचं काम नीट हाय." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दोन्ही बाजूंना झाडं असलेल्या सरळ रस्त्यावर साहेबांनी मोटार वेगानं पळवायला लावली आणि म्हणाले, "हात सोडा." दाजींनी दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले. मी मागं डोळे मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा दाजींचे हात अजून गुडघ्यांवरच होते आणि झाडं दोन्हीकडून सारख्याच अंतरानं मागं जात होती. मग साहेबांनी वळणं घ्यायला लावली, उतारावर थांबवायला लावलं, शेवटी खाली उतरून वाकून सगळं तपासलं. सही करताना म्हणाले, "पुढच्या खेपेला सरळ करून आणा."

अक्का रस्त्याला येऊन उभी होती. तिनं दाजींच्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर खोचून माघारी वळली. दुसऱ्या दिवशी मुंबईचं पत्र मला चुलीजवळच्या फळीवर, तेलाच्या बुधल्याखाली अंथरलेलं दिसलं.

दाजींनी ते स्टिअरिंग कधी सरळ केलं नाही. मी आठवण करून द्यायचो, ते म्हणायचे, "तुमी या शनवारी, बघू." मी जायचो. कधी ब्रेक उघडलेले असायचे, कधी चाकाला वंगण द्यायचं असायचं; स्टिअरिंग राहूनच जायचं. वहीत लिहिणारा मी हळूहळू मोटारीखाली शिरायला लागलो. आटे गेलेला नट बोटांना कसा कळतो, हे मला माझ्या एकाही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

दाजी गेल्यावर मोटार विकायची नाही, असं अक्कानं तेराव्यालाच सांगून टाकलं. मोटार बाबालाल चालवणार. तो वस्तीजवळच राहायला आला. मग मीच म्हणालो, बाबालालसाठी ते स्टिअरिंग एकदाचं सरळ करून देऊ. मागल्या रविवारी, त्याच गुऱ्हाळाशेजारी, आम्ही दोघांनी नट काढला. उकळत्या पाण्याची तयारी ठेवली होती, पण तिची गरजच पडली नाही. दोन ठोक्यांत ते सैल झालं. आतमध्ये स्वच्छ वंगण होतं. मी फडक्यानं पुसलं आणि हात थांबला. दांडीवर आणि स्टिअरिंगवर मिळून छिन्नीची एक रेघ मारलेली होती. खोल, एका ठोक्याची. वाकड्या बसलेल्या स्टिअरिंगवर ती तंतोतंत जुळत होती.

म्हणजे दाजींनी ते कधीतरी उपसलं होतं. सरळ बसवणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते पुन्हा वाकडंच बसवलं आणि वर खूण मारून ठेवली.

अक्का चहा घेऊन आली होती. मी तिला रेघ दाखवली. ती म्हणाली, "ठावं हाय मला. मी म्हणलं हुतं, सरळ करा की एकदाचं. तर म्हणालं, मास्तरानं पयल्यांदा हाताला तेल लावलंय. सरळ केलं तर त्येला वाटंल आपलं काम संपलं... जाऊन बसंल परत पुस्तकात. मग शनवारचा यील का?"

बाबालालनं चहाचा पेला खाली ठेवला. "मास्तर, तसंच बसवा. हात बसलाय माझा आता. सरळ दिलं तर मीच गाडी वढ्यात घालीन."

मी रेघ जुळवली, नट आवळला. बाबालाल कऱ्हाडची भाडी घेऊन गेला. अक्का काठवट मागायला आली, मी तिला ती रिकामी करून दिली आणि पुढच्या शनिवारी वंगण घेऊन येतो म्हणालो.

सोमवारी वर्गात फळ्यावर लिहायला लागलो. हात घासून धुतले होते, तरी नखांच्या कडेला काळं राहिलंच होतं. दोन ओळी लिहून पाहिलं, तर पांढऱ्या खडूवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. मी तो पुसला नाही. तसाच लिहीत राहिलो.